नितळ

माझ्या गिटारला दोन कान आहेत.
एक ब्रिजपाशी, जिथे तार ताठ, जेमतेम थरथरते;
तो सगळं टोचून ऐकतो.
दुसरा मानेपाशी.
तिथे तार ऐसपैस झुलते,
आणि नेमक्या त्याच कानाला वर्षभर दडे बसलेले.
खालचे दोन सूर एकत्र छेडले
की रश्शातल्या पाटोड्या,
कुठली कुठे कळू नये.

सीताबर्डीचा दुकानदार म्हणाला, हे न्या,
सिरॅमिक मॅग्नेट, फुल पॉवर, नेकलाही चालते.
लावून दाखवलं. शोकेसच्या काचा थरारल्या.
म्हटलं, जोर नको मला.
तर्री नको म्हणणाऱ्याकडे पोहेवाला पाहतो
तसा तो पाहत राहिला.

परदेशातून मागवलं तर चौदा हजार.
मी नंदनवनच्या ट्यूशन क्लासमध्ये
दुसऱ्यांच्या पोरांची गणितं तपासते.

म्हणून एप्रिल संपताना, चव्वेचाळीस अंशांत,
ओढणी तोंडाला गुंडाळून
गोळीबार चौकात, शेषराव निनाव्यांकडे.
कूलर पंखा मिक्सर मोटरपंप,
जळालेलं सगळं इथे नव्याने गुंडाळून मिळतं.
गिटारचं पिकअप त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतलं,
चष्मा कपाळावर चढवून,
शिंप्याने बारशाचं टोपडं पाहावं तसं.
वडील मागावर लुगडी विणायचे, म्हणाले.
ताण्यातला तुटका धागा अंधारात बोटानं सापडायचा त्यांना.

"आवाज कसा पायजे?"

स्वच्छ हवा. पण कापणारा नको.
म्हणजे मऊ. पण चिकट नाही.
म्हणजे, काका,

"नितळ म्हणा नं मंग."

इतकी वर्षं हा शब्द
मी विहिरीपाशीच ठेवून आले होते.

जुनी कॉइल उलगडली.
फरशीवर तांब्याच्या केसांचा गुंता.
"नऊ हजारावर वेढे देल्ले लेकानं.
जास्त वेढे, जास्त बोंब.
बारीक बारीक जे असते ना,
ते गिळून टाकते ते."
काउंटर शून्यावर आला.
तार चिमटीतून जाऊ लागली, दिसत नव्हती,
फक्त चिमूट दिसत होती.
मध्येच एक गिऱ्हाईक, काखेत कूलरचा पंप,
आजच पायजे, घरात लहान लेकरू आहे.
"थांबा बापा, मोजून राहिलो."

सात हजार चारशे.

मग चहाच्या जुन्या गंजात मेण वितळवून
त्यात बुडवलं, बुडबुडे थांबेपर्यंत.
बसवताना मी स्क्रू पिळून तारेला भिडवू लागले
तर हात धरला.
"तोंडाले कान लावून कोणी ऐकते का?"
दोन रुपयांची दोन नाणी मावतील
इतकं खाली.

छोटा अँप लावला. आधी आला तो सूर नव्हता.
घूंऽऽ,
जाड, खालचा, न थांबणारा.
माझं तोंड पडलं.
शेषरावांनी मान तिरपी केली,
ओळखीच्या माणसाची चाहूल लागावी तशी.
"हा आपला कूलर आहे."
चाळीस वर्षं मोटारी बांधल्या,
त्यांचा आवाज माझ्या तारेखालून
पहिल्यांदा त्यांना असा वेगळा ऐकू आला.

ते उठले. कूलर बंद केला.
पंखा बंद केला.
शेजारच्या दुकानात जाऊन
टेस्टिंगला लावलेल्या दोन मोटारी बंद करवल्या.
नागपुरात, एप्रिलात, भर दुपारी अडीचला.

मी तिसऱ्या तारेवर बारावा पडदा दाबला.
सूर उठला, आणि त्याच्या तळाशी
बोट किंचित सरकल्याची
कातडीची खसखसही दिसली.

कोणी बोललं नाही.
घामाचा थेंब त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला,
पुसला नाही.
"अजून एकडाव," म्हणाले.

पंपवाला दारातच उभा होता.
कूलर लावा, असं
तोही म्हणाला नाही.